न उगवलेले अठरा दाणे

बियाणं घरचं असो की विकतचं, त्याची उगवण तपासल्याशिवाय मी आयुष्यात कधी पेरणीला हात लावला नाही. शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाच दिवसांनी उघडायची. जितक्यांना मोड, तितकं बियाणं खरं. बाकीचे उकिरड्यावर. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

यंदा मात्र दाणे मांडले बायकोने. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन माझी केमो नुकतीच संपली होती आणि त्या औषधांनी माझ्या बोटांची टोकं बधिर करून ठेवली होती. सोयाबीनचा दाणा चिमटीत आहे की सुटला, हे मला बघून कळायचं. मी खाटेवर बसून तिला टोकत होतो, ही ओळ वाकडी गेली, ते दाणे दाट पडले.

"मांडून राह्यली ना मी? तुमी चूप बसा," ती म्हणाली.

मी बसलो. त्या दिवसांत मला बसण्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं अकोल्याला जाऊन माझं रक्त तपासणीला देऊन आलो होतो. स्कॅन साफ आलं होतं, तरी डॉक्टर म्हणाले, अजून एक तपासणी करू. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीची ओळख धरून, तिचा एखादा बारीक अंश अजून रक्तात फिरतो आहे का, ते त्यात शोधतात. रक्ताच्या नळ्या दूरच्या प्रयोगशाळेत जाणार, रिपोर्टला तीन आठवडे लागणार. सापडलं तर पुन्हा उपचार. नाही सापडलं तर दर तीन महिन्यांनी रक्त देत राहायचं.

"नाही सापडलं म्हणजे गेलं ना?" मी विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "नाही सापडलं म्हणजे आज सापडलं नाही. तीही चांगलीच गोष्ट आहे, काका."

परतीच्या बसमध्ये शिरपूर येईपर्यंत मी त्यांच्या प्रामाणिकपणावर चिडत होतो. बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती.

पाचव्या दिवशी तिने गुंडाळी उघडली. ब्याऐंशी दाणे उगवले होते. "फर्स्ट क्लास!" म्हणत ती बारदाना झटकायला उठली, तर मी तिचा हात धरला. न उगवलेल्या अठरांकडे मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. फुगलेले, गप्प पडलेले दाणे.

"हे मेले कशावरून?" मी विचारलं.

"अवो, नाई उगवले म्हंजे मेलेच."

"अन् उशिरा उगवले तर?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने धोतराची एक चिंधी भिजवून आणली आणि ते अठरा दाणे तिच्यात ठेवून दिले.

मला भीती वाटत होती. मोड आलेल्या ब्याऐंशींशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं, माझं सगळं लक्ष त्या चिंधीत. त्यातला एक जरी उगवला तर माझ्या रक्तातही काहीतरी उरलं आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. चार बुकं शिकलेल्या माणसाने असं काही ठरवू नये. मी ठरवलं आणि कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी चिंधी उघडायची आणि मोजायचं.

तिसऱ्या दिवशी सतरा भरले.

"उंदरानं नेला असन," बायको चुलीपुढून म्हणाली.

दोन दिवसांनी पंधरा. मी उंदराच्या नावाने बोटं मोडली, पिंजरा लावला. पिंजऱ्यात काही सापडलं नाही, पण मोड एकालाही आला नव्हता आणि मला तेवढंच हवं होतं. पुढे दाण्यांना वास सुटला. बायको चिंधी उचलून फेकायला निघाली. "सडले सारे. आता तरी पटलं?" पटलं. त्या दुपारी मला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

रिपोर्ट मानोऱ्याला दिलेल्या मुलीच्या फोनवर आला. तिने लगेच मला फोन लावला, तिचा आवाज फुटत होता. "बाबा, नाई सापडलं. काईच नाई सापडलं." मी फोन बायकोकडे दिला. ती उंबरठ्यावर बसली, फोन कानाला लावून नुसती बसून राहिली. मुलगी पलीकडून हॅलो हॅलो करत होती. एवढी चांगली बातमी आणि ही बोलत का नाही, असं मला वाटून गेलं. मग मी ते विसरलो.

पेरणी झाली, पीक गुडघ्याला लागलं. एक दिवस न्हाणीचं पाणी तुंबलं म्हणून मी मागच्या बाजूला गेलो. भिंतीलगत सोयाबीनची तीन झाडं उभी होती, शेतातल्यांपेक्षा वीतभर उंच. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून भोवती विटांचे तुकडे लावलेले. उंदीर विटा लावत नाही.

मी तिथेच खाली बसलो. रोज माझ्याआधी उठून बायको चिंधी उघडत होती, आणि मोड दिसला की माझी नजर पडण्याआधी तो दाणा उचलत होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला सगळं कळलं होतं.

आत जाऊन मी आवाज चढवला. दुसरं काही मला येत नाही. "काय वं, उंदीर लय हुशार निंगाला तुहा?"

भाकरीवरचा तिचा हात थांबला. "तुमी त्या चिंधीकडं कसे पायत होते, ते मले दिसत होतं."

"मंग फेकून कायले नाई दिले?"

"उगवलेलं कसं फेकू?" ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसत, "तीन उगवले तवापासून म्या कसे दिस काढले, ते माह्यं मले मालूम. तो रिपोर्ट येईलोक."

दाणे उगवले होते आणि तरीही रिपोर्ट साफ आला होता. म्हणजे माझी पैज खोटी होती. त्या खोट्या पैजेचं ओझं रिपोर्ट येईपर्यंत ती एकटी वाहत होती आणि मी दुपारी गाढ झोपत होतो. मला माझी लाज वाटली.

परवा पुन्हा रक्त द्यायला जायचं आहे. न्हाणीमागच्या झाडांना शेंगा धरल्या आहेत. काल पिशवीत जुने रिपोर्ट भरताना मी तिला म्हटलं, मले भीती वाटून राह्यली.

"मले बी," ती म्हणाली, आणि माझ्याजवळ येऊन बसली.