गच्चीतली चार भोकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही हिराआजींना ओळखत नव्हतात, म्हणून असेल.

आम्ही कामोठ्यात राहतो, चार मजली सोसायटीत. मी तिसऱ्या मजल्यावर, हिराआजी दुसऱ्यावर, मुलाकडे. त्या इथल्याच गावच्या. आमचे सेक्टर उभे राहिले त्या जमिनीत त्यांची भातशेती होती. शेत गेलं, पण हात स्वस्थ बसेनात. मासळी बाजारातून थर्माकोलची रिकामी खोकी आणायच्या, बुडाला भोकं पाडायच्या आणि गच्चीवर वांगी, मिरच्या, लाल माठ लावायच्या. खोकी विटांवर ठेवायच्या, खाली पाणी साचू नये म्हणून.

मला हा नाद त्यांनीच लावला. माझे पहिले टोमॅटो मी पाणी घालघालून कुजवले, तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "झाडानं मागितल्याबिगर पानी नाय द्यायचा, बाला."

मग मला दुधी लावायची हौस आली. वेलाला मांडव हवा. काठ्या वाऱ्यात टिकेनात. मी ड्रिल आणलं आणि गच्चीला चार भोकं पाडून लोखंडी पाइप रोवले. पाइपांच्या बुडाशी कुंड्या सरकवल्या, त्यामुळे भोकं कुणाला दिसली नाहीत. दुधी मात्र सगळ्यांना दिसला. मी घरोघरी वाटला.

जुलैत चौथ्या मजल्यावरच्या पवारांचं छत गळायला लागलं. एका दुपारी त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशीशेजारी प्लास्टरचा तुकडा पडला. वीतभर इकडे पडता तर? मला लगेच कळलं. त्याच संध्याकाळी मी वर गेलो, पाइप उपटले, भोकं सिमेंटने बुजवली, वर परत कुंड्या ठेवल्या.

म्हणजे — घाबरून गप्प बसलो, एवढंच नाही. आधी पुरावा बुजवला.

रविवारी सभा झाली. कुणीतरी खोक्यांचं नाव काढलं. मी कमिटीत होतो, गच्चीवर रोज जाणारा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खोक्यांना बुडाला भोकं आहेत, हे खरं आहे." यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही. विटांचं मी बोललो नाही. गच्चीवरची सगळी झाडं हलवायचं ठरलं. ती नोटीसही मीच लिहिली, वळणदार अक्षरात. सिमेंटचे ठिपके पावसाने काळे पडून गच्चीत मिसळले होते; माझ्या कुंड्या आपणहून खाली आणल्या, तर लोकांनी कौतुक केलं.

खोकी गेली आणि छत कोरडं झालं. होणारच होतं — भोकं मी बुजवली होती. पण सोसायटीला तोच पुरावा मिळाला. आणि हिराआजींनाही.

त्या पवारांकडे माफी मागायला गेल्या. एकटं जाववेना म्हणून मला बरोबर नेलं. मला! पवारांच्या आईचे पाय धरून म्हणाल्या, "माज्यामुलं तुमच्या डोक्यावर आला असता गं. मना नाय कललं." मी दारात चपला घालूनच उभा होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

त्यानंतर त्यांनी काहीच लावलं नाही. मी एकदा मिरचीची रोपं नेऊन दिली — कशाला दिली, देव जाणे — तर त्यांनी हात मागे घेतले. "नको. माजे हातालाच खोट हाय आता." भाताची शेती केलेली बाई. तिला मी हे पटवलं होतं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगा म्हणाला, शेवटी शेवटी पावसाची सर आली की विचारायच्या, वर कुणाकडे गळत तर नाही ना.

सभेपासून त्या जाईपर्यंत चार वर्षं गेली. चारही वर्षं त्या माझ्या खालच्याच मजल्यावर राहत होत्या. दार बहुतेक वेळा उघडंच असायचं.