गुरुजींची जन्मतारीख

तीन निवृत्त कारकून रोज एका टपरीवर चहाला बसले की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात! कळमनुरीतले आम्ही तिघे, मी, किसनराव आणि भगवानराव, शाळेत एका वर्गात, पुढे एकाच कचेरीत.

भगवानरावांना जन्मतारीख विचारली की ते म्हणायचे, "खरी सांगू, का गुरुजींची?" जन्म दिवाळीतला, पण गुरुजींनी शाळेत नाव घालताना साऱ्या वर्गालाच एक जून लावून टाकला. त्यामुळं पाच महिने आधी रिटायर व्हावं लागलं. "माझे पाच महिने खाल्ले गुरुजीनं!" हे रोज चहाबरोबर.

*

यंदा मार्चमध्ये भगवानरावांच्या आरोग्य विमा कंपनीनं पॉलिसीच बंद केली. त्याच आठवड्यात नांदेडच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. "जूनमध्ये उरकून टाका. दिवाळीपर्यंत थांबू नका!" आमच्या तोंडचं पाणी पळालं.

*

नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' लिहायला दोन ओळी. आम्ही पडलो कारकून! लहानपणच्या गोवरापासून सुरुवात करून सुवाच्य अक्षरात सात पानांची पुरवणी जोडली, तीन प्रतींत.

"काका, तुमी जिवंत कसे?" एजंट म्हणाला. परत काही तो आला नाही.

*

दुसऱ्या कंपनीनं उपाशीपोटी रक्ततपासणी मागितली. सोबत म्हणून किसनरावही उपाशी राहिले. सुई भगवानरावांना टोचली, चक्कर किसनरावांना आली!

"यातला पेशंट कोन हाय?" लॅबवाल्या पोरीनं विचारलं. नकार मात्र भगवानरावांनाच आला.

*

शेवटी सेवा केंद्रातल्या सुनीताताई म्हणाल्या, "सत्तर पूर्ण झाले की फुकट उपचाराचं सरकारी कार्ड निघतं, काका. जुना आजार असला तरी चालतंय. तुमचे सत्तर कधी?"

"खरी सांगू, का..." भगवानराव थांबले. डोळे भरून आले.

"आधारवर गुरुजीच हायत की, लेका! येत्या एक जूनला सत्तर!" किसनराव ओरडले.

*

एक जूनला सकाळीच तिघे केंद्रात. चेहऱ्याची ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर बसवून सुनीताताई म्हणाल्या, "काका, डोळे मिचकवा."

"तुमी माझ्या लेकीवानी. म्या न्हाई मिचकवणार!"

शेवटी किसनराव कॅमेऱ्यामागं जाऊन उभे राहिले, तेव्हा कुठं मिचकवले. कार्ड निघालं. आम्ही तिघे त्या बाईसमोर हात जोडून उभे राहिलो.

*

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना नर्सनं विचारलं, "आजोबा, जन्मतारीख?"

आम्ही दोघं हसू दाबून वाट बघत होतो.

"एक जून."

"आन् दिवाळी?" किसनरावांनी विचारलं.

"ती घरच्यांनी उठवलेली अफवा व्हती!"