सिस्टरांची हलकी काठी

डावा हात वर करायचा, एसटी थांबवतात तसा, आणि समोरच्याला म्हणायचं, "माझ्याशी बोला." आमच्या सिस्टरांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस त्या खोऱ्यात सापडला नसता.

मी आरोग्य केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर होतो. राहणार वरवे बुद्रुक. सिस्टर भोरच्या, मुसलमान घरातल्या. पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, चालणं भरभर. लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर आम्ही दोघं जायचो आणि जीपमधून उतरलो की लोक माझ्याशी बोलायचे. मी पुरुष होतो, एवढंच कारण. एखादा बाप पोराला कडेवर घेऊन यायचा, सिस्टर हातभर अंतरावर उभ्या असायच्या, आणि तो मला म्हणायचा, "ड्रायव्हर, सिस्टरला सांगा, पोरगं दूध पीत न्हाई."

हात वर. "माझ्याशी बोला. पोरगं मी बघणार आहे. हे गाडी चालवतात."

तुम्ही म्हणाल, एवढ्या तेवढ्यावरून चिडायचं कशाला. मीही सुरुवातीला असंच म्हणत होतो. पण रोज त्यांच्या शेजारी उभं राहिल्यावर दिसायला लागतं. त्या चिडक्या नव्हत्या. त्यांना रोज चिडायला लावलं जात होतं.

त्यांचा उजवा खांदा गेला ती गोष्ट सांगतो. जीप बिघडून केंद्राच्या आवारात उभी होती. दुरुस्तीच्या मंजुरीचा कागद वर गेलेला, खाली यायचं नाव नाही. अशात डोंगरातल्या एका वाडीवरून माणूस पळत आला, बाई अडली होती. सिस्टर चालत गेल्या. तिथं हाताने काही होणार नाही हे बघितल्यावर त्यांनी घोंगडीची डोली बांधायला लावली. उचलायला चौघे निघाले. चौथा, बाईचा दीर, पिऊन आला होता. अर्ध्या उतारावर तो मटकन खाली बसला. त्याच्या जागी सिस्टरांनी खांदा दिला आणि डांबरी रस्त्यापर्यंत आणली बाईला. बाई वाचली, पोरगीही वाचली. सिस्टरांचा हात त्यानंतर कानाच्या वर कधी गेला नाही.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ते तुमचं काम नव्हतं."

"मग कुणाचं होतं, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. मला त्या डॉक्टरांचा आजही राग येतो. मंजुरीवर ज्याने सही केली नाही त्याचा तर जास्तच येतो. त्याचं नावसुद्धा मला कळलं नाही.

सिस्टरांना एकच नाद होता, मासे धरायचा. लहानपणी वडिलांबरोबर नीरेवर जायच्या. आमचं केंद्र धरणाच्या फुगवट्याला लागून होतं, त्यामुळे ड्यूटी संपली की बांबूची काठी, तंगुसाचा बारीक नायलॉन दोरा आणि गळ घेऊन त्या पाण्यावर. धरलेला मासा बहुतेक वेळा वॉर्डातल्या बाळंतिणींच्या ताटात जायचा. रक्त कमी असलेल्या बाया असायच्या, घरून डबा यायचा तो भाकरी आणि पाणचट डाळीचा. केंद्राच्या मागे चूल मांडून सिस्टर कालवण करायच्या आणि समोर बसून खायला लावायच्या. एक सासू कुरकुरली होती, बाळंतिणीला मासा बाधतो म्हणून. तिला सिस्टरांनी विचारलं, "आणि उपास बाधत नाही?"

खांदा गेला आणि बांबू उचलेना. ओला बांबू जड असतो, वर सारखा धरून ठेवावा लागतो. काही महिने त्या पाण्याकडे फिरकल्याही नाहीत. मग त्यांचा धाकटा भाऊ मस्कतहून सुट्टीवर आला. तिकडे तो बोटीवर काम करायचा. त्याने एक डबी आणली, त्यात बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या मासोळ्या होत्या, रंगवलेल्या, प्रत्येकीला एकच बारीक गळ. "आपा, याला मायक्रो जिगिंग म्हणतात," तो म्हणाला. "पाण्यात सोडायची, तळाशी गेली की मनगटाने हळूच उचलायची आणि परत पडू द्यायची. पडताना मासा घेतो. खांद्याला काम नाही. पण काठी हलकी पाहिजे, रीळ लहान पाहिजे. जड काठीवर ही मासोळी आहे का नाही तेच कळत नाही."

भाऊ परत गेला. एका रविवारी सिस्टर मला म्हणाल्या, "पुण्याला येता का? दुकान शोधायचंय." आम्ही नसरापूरहून एसटी धरली.

दुकान सापडलं. दुकानदाराने एक जाडजूड काठी काढली आणि माझ्या हातात दिली. "साहेब, दहा किलोचा कटला आला तरी वाकणार नाही."

"माझ्याशी बोला," सिस्टर म्हणाल्या. "मासे मी धरते."

दुकानदार हसला, पोटमाळ्यावर चढला आणि गुलाबी रंगाची लहान मुलांची काठी घेऊन आला. म्हणाला, "लेडीजना ही बरी."

मला वाटलं, आता इथून रिकाम्या हाताने जावं लागतंय. पण सिस्टर स्टुलावर बसल्या. पर्समधून डबी काढली, एक मासोळी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिचं वजन ज्या काठीच्या शेंड्याला कळेल ती काढा. बाकीच्या दाखवू नका."

मग काठ्या निघायला लागल्या. प्रत्येक काठीच्या शेंड्याला सिस्टर मासोळी टांगायच्या आणि डोळे मिटून मनगट हलवायच्या. शेंडा ताठ राहिला की काठी बाजूला. एक फार लवचिक निघाली, हलवली की हलतच राहायची. तीही बाजूला. शेवटी एक करड्या रंगाची, सहा फुटांच्या आसपासची काठी हातात आली. शेंडा मासोळीच्या वजनाने जरासा झुकला आणि थांबला. सिस्टरांनी ती उजव्या हातात धरली, कोपर अंगाला लावून, आणि इतका वेळ उचलत पाडत राहिल्या की दुकानदाराने मधे दोन गिऱ्हाइकं केली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय. पण काठीमुळं नाही."

रिळाच्या बाबतीत त्या चुकल्या. मोठं, चकचकीत रीळ आवडलं. काठीला लावलं तर सगळं वजन हाताच्या मुठीत येऊन बसलं आणि मनगट दुखायला लागलं. मग लहान घेतलं. आता काठी एका बोटावर, रिळाच्या जवळ, आडवी तरंगायला लागली. ब्रेकची परीक्षा राहिली. मासा ओढायला लागला की तंगूस झटके न देता सुटलं पाहिजे, असं भावाने बजावलं होतं. सिस्टरांनी तंगुसाचं टोक दुकानदाराच्या हातात दिलं.

"तुम्ही मासा व्हा. बाहेर चाला."

तो माणूस खरंच फुटपाथवर चालत गेला. सिस्टर काठी धरून बसलेल्या, रीळ कुर्र वाजतंय, येणारे-जाणारे थांबून बघतायत. "पळा जरा," सिस्टर आतून म्हणाल्या. तो पळाला. तंगूस सरळ सुटत गेलं. परत आला तेव्हा घाम पुसत तो त्यांना म्हणाला, "मॅडम, हेच घ्या." पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे बघून बोलला. येताना एसटीत सिस्टरांनी काठी मांडीवर आडवी धरली होती आणि कात्रजच्या घाटात त्या एकट्याच हसत होत्या.

त्या काठीवर चिलापी लागली, एकदा मरळही लागली. मी काठावर बसून बघायचो. शेंडा थरथरला की सिस्टर श्वास धरायच्या. खांदा जागच्या जागी, हात फक्त मनगटापुरता हलायचा. तेवढा एक तास कुणी त्यांना माझ्यामार्फत काही विचारत नव्हतं.

तेव्हा त्या पाण्यातल्या मासेमारीचा ठेका एका बाहेरच्या माणसाने घेतलेला होता. त्याची मोठी जाळी असायची, आणि वरच्या अंगाला त्याचीच माणसं मासे मारायला पाण्यात जिलेटिनच्या कांड्या उडवतात हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. पांढऱ्या पोटाची, मेलेली बारकी पिल्लं काठाला लागायची. त्यावर कुणी बोलायचं नाही. एका संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस होडी लावून उतरला आणि मला म्हणाला, "ड्रायव्हर, यांना सांगा. हितं ठेका हाय. मासं धरायचं न्हाई."

सिस्टरांनी डावा हात वर केला. "माझ्याशी बोला. गावातलं माणूस गळाने खाण्यापुरता मासा धरतं, कायम धरत आलंय. आणि जिलेटिन कोण उडवतं ते बोलायचंय का? बोलू."

त्याने त्यांच्या हातातली काठी ओढून घेतली. गुडघ्यावर मोडली. आवाजही फार झाला नाही, काठी होतीच तेवढी बारीक. मी अंगावर धावून गेलो, पण होडीतून आणखी दोघं उतरले. सिस्टरांनी मला मागं ओढलं, दुखऱ्या हाताने. नंतर खाली बसून त्यांनी दोन्ही तुकडे उचलले.

आम्ही चौकीत गेलो. हवालदाराने वही उघडली आणि माझं नाव विचारलं.

"तक्रार माझी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"एका काठीचं काय एवढं, सिस्टर. मिटवून घ्या."

त्यांनी घेतलं नाही. सरपंचांनी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. ठेकेदार स्वतः आला, इस्त्रीचे कपडे, बरोबर एक नवी कोरी काठी. जाड, काळी, महागाची. त्याने ती सरपंचांच्या हातात दिली, सरपंचांनी सिस्टरांपुढे धरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी काठीला हात लावला नाही.

"ही माझ्या हाताची नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं मोडली त्यानं माझ्याबरोबर पुण्याला यायचं. मी निवडीन ती त्यानं उचलून आणायची. आणि पाण्यातलं जिलेटिन बंद."

कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "सिस्टर, आता फार ताणू नका." त्या बैठकीत ज्यांच्या बायकांची बाळंतपणं सिस्टरांनी केली होती असे किती तरी बाप्ये बसलेले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांची तोंडं मला आठवतात आणि जेवण गोड लागत नाही.

पुढे थोड्याच दिवसांत बदली आली. हिर्डोशीच्या बाजूला, वरंधा घाटाकडे. एसटी कधी येईल त्याचा नेम नाही, बाकी पायी. निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, शाल आणि नारळ. सिस्टर दारापर्यंत आल्या, खुर्चीवर ठेकेदार बसलेला बघितला, आणि तशाच वळून वॉर्डात गेल्या. दुपारची इंजेक्शनं दिली, बॅग उचलली आणि मागच्या दाराने स्टॅंडवर गेल्या. बाहेर माईकवर त्यांच्याबद्दल चांगलं बोलणं चाललंच होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. लसीचे डबे पोचवायला तिकडे गेलो होतो. उपकेंद्राला कुलूप, बाहेर एक म्हातारी नाचणी पाखडत होती. म्हणाली, "वढ्याला गेल्यात." गेलो. भाताच्या खाचरांखाली ओढा होता, त्यात एक डोह. सिस्टर दगडावर बसल्या होत्या. मोडक्या काठीचा शेंडा त्यांनी वेताच्या तुकड्याला बांधून घेतला होता, चिकटपट्टी गुंडाळून. ती काठी फार आखूड झाली होती आणि त्यामुळे त्यांना फार वाकावं लागत होतं.

मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

"मागं सरा. सावली पडतीय पाण्यात."

मी मागं सरलो. बराच वेळ उभा राहिलो, मग दुसऱ्या गावाला जायचं होतं म्हणून निघालो.

पुढे त्या निवृत्त होऊन भोरला गेल्या, आणि फार जगल्या नाहीत. मोबाईलवर निरोप आला तेव्हा मी पुण्यात होतो. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दारात पायताणांचा ढीग होता आणि बहुतेक बायकांची होती. डोंगरातून आल्या होत्या, मिळेल त्या टेम्पोने. त्यांच्यातली एकही त्या दिवशीच्या बैठकीत नव्हती. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

काही महिन्यांनी नसरापूरच्या चौकातून मी शेअर रिक्षात बसलो. शेजारी तोच माणूस, होडीतून उतरून काठी मोडणारा. अंगाने सुटलेला, हातात मिठाईचा पुडा. त्याने मला ओळखलं.

"काय ड्रायव्हर. त्या सिस्टर गेल्या म्हनं. लई चांगल्या व्हत्या."

मी मान वळवून रस्त्याकडे बघितलं.

"अजून डोक्यात हाय व्हय तुमच्या? काठी ती, मोडली. मला जे सांगितलं ते म्या केलं." आणि त्याने पुडा सोडून माझ्यापुढे धरला. "घ्या, पेढा घ्या. नातू झाला."

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "हितं कुठं उतरताय, वरवं अजून लांब हाय." मी उतरलो. रिक्षा पुढे गेली. हायवेच्या कडेने, अंगावर येणाऱ्या ट्रकांची धूळ खात, मी घरापर्यंत चालत गेलो.