पोत्यांचे कान

केजच्या मोंढ्यातल्या त्या आडत्याला सगळे अप्पा म्हणायचे, मीही म्हणायचो. दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. माझं बिऱ्हाड माजलगावला, एका खोलीचं. लग्न केलं नव्हतं, आईवडील राहिले नव्हते. दर रविवारी एसटीने केजला जायचं आणि अप्पांकडे जेवायचं, एवढंच माझं घर.

अप्पा आधी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचे, तोवर मी ताटावर थांबायचो. काकू आतून म्हणायच्या, "भाकर नीट भाजा गं, साहेब तपासून घेत्यात. पसंत न्हाई पडली तर गाडी परत पाठवतील." मग अप्पा डोळे मिटल्या मिटल्याच हसायचे.

साहेब म्हणजे मी. सोयाबीनचं पीठ करणाऱ्या कारखान्यात मी माल तपासायचो. बाजार खुला झाल्यावर परदेशी गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला पाकिटावर छापायचं होतं की ह्यात जनुकीय बदल केलेलं काहीच नाही. तसलं सोयाबीन आपल्याकडे पिकतच नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा मला हे काम म्हणजे गंमत वाटली. पण कापूस बीटीचा झाला होता, आणि ज्या गोदामात सरकी त्याच गोदामात सोयाबीन. म्हणून गिऱ्हाइकाने अट घातली. माल वेगळा ठेवलेला पाहिजे, नव्या बारदान्यात भरलेला पाहिजे. नमुन्यात एक सरकी दिसली तरी गाडी परत. ही खात्री करायची आणि सही करायची, ती मी.

हंगामाच्या तोंडाला, आमच्या कारखान्याला माल पाठवायच्या आधी, अप्पा म्हणाले, "साहेब, नव्या पोत्यांचं लई अवघड हाय. घरात चांगला बारदाना पडलाय."

मी भाकरी मोडता मोडता बोललो, "आणा जुनाच. फक्त नीट झटकून आणा."

मला तसं सांगायचा अधिकार नव्हता. पण त्या घरात मी काही देऊ शकत नव्हतो, आणि हे देता आलं याचा मला आनंद झाला होता.

अप्पांनी आधी सरकी भरलेली ती पोती उन्हात टाकली, काठीने झोडपून घेतली. राहिले ते कान. आपल्याकडे पोतं शिवताना हमाल दोन्ही कोपऱ्यांत मूठभर माल कोंबून वरून सुतळी बांधतात, उचलायला पकड मिळावी म्हणून. पोतं रिकामं केलं तरी ते कान तसेच बांधलेले राहतात. मोंढ्यात जन्म गेलेल्या माणसाला ते दिसतही नाहीत, जशी आपल्याला आपली बोटं दिसत नाहीत. वाटेत सुतळ्या सैलावल्या आणि कानांतली सरकी सोयाबीनमध्ये उतरली.

गाडी कारखान्यात आल्यावर मी पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसली, नमुना पांढऱ्या थाळीत ओतला. पिवळ्या दाण्यांत सरक्या होत्या, अंगावर पांढरी लव असलेल्या. अप्पा समोरच उभे होते. मॅनेजर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"जुनी पोती? कोणी सांगितलं हो तुम्हाला जुनी पोती आणायला?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी थाळीत बघत राहिलो.

"आमचीच चूक झाली साहेब," ते मॅनेजरांना म्हणाले. "आमालाच कळायला पायजे होतं."

मी गाडी परत पाठवली. काम म्हणून ते बरोबरच होतं, आजही मी तेच करीन. पण 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. कारखान्याने त्यांचा माल त्या वर्षी पुन्हा घेतलाच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी केजला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यावर जेवायचो, ट्रकवाल्यांच्या बाजेवर, जिथे कोणी ओळखत नव्हतं. अप्पांनी जीपवाल्यांबरोबर दोनदा निरोप धाडला. मी बरं म्हणालो.

बऱ्याच महिन्यांनी, कामानिमित्त केजला गेलो तर ते बसस्थानकात भेटले. बीडची गाडी लागली होती. मीही तिकडेच निघालोय असं धरून त्यांनी खिडकीतून आत उपरणं टाकून दोघांची जागा धरली आणि माझ्याकडे वळले.

"कावून येईनात तुमी? काकू रोज इचारती. आमी काय इतके वाईट हाव का?"

"काम वाढलंय अप्पा," मी म्हणालो.

"पोत्याचं मनात धरलं व्हय? अवो, माल गेला, पुन्यांदा येतो. त्याला काय हुतंय."

सांगायचं ते तेव्हाच सांगता आलं असतं. मला त्यांच्या शेजारी बसून बीडपर्यंत जायचं होतं, पुढचं काम बीडलाच होतं माझं. मी म्हणालो, "मला अंबाजोगाईला जायचंय, तुम्ही व्हा पुढे."

ते वर चढले. खिडकीत बसून त्यांनी उपरणं थोडा वेळ तसंच पसरून ठेवलं, माझ्याकडे बघत. मग उचललं आणि शेजारी कोणीतरी बाई लेकराला घेऊन बसली. गाडी सुटली. मी पुढच्या बीडच्या गाडीची वाट बघत तिथेच उभा राहिलो.