मामाजींच्या इंजिनाची तहान

इंजिन हे यंत्र नसून घरातले एक खाते-पिते माणूस आहे आणि त्याच्या तहानेकडे लक्ष देणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे, असे मनापासून मानणारा मनुष्य चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच होऊन गेला, आणि तो माझ्या पत्नीचा सख्खा मामा होता. मी चंद्रपुरात एका मोटार-वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. शेकडो इंजिने माझ्या हाताखालून गेली. परंतु एखाद्या इंजिनाची विचारपूस आजारी भावाप्रमाणे करावी, हे मला कधी सुचले नाही. मामाजींना ते उपजतच येत होते. त्यांच्याविषयी लिहायचे मी सात-आठ वर्षे टाळले. आता पंचावन्नाव्या वर्षी लिहितो आहे, कारण ज्यांच्याजवळ बोलून मन मोकळे करावे ते उरले नाहीत.

मामाजी पोंभुर्ण्याकडचे. एकतीस वर्षे त्यांनी एस.टी.त कंडक्टरकी केली. ते म्हणत, "जवाईबापू, उभा जलम इंजिनाकडं पाठ करून तिकिटं फाडली. आता त्याचं तोंड पाह्यची इच्छा हाय." निवृत्त झाल्यावर त्यांनी वाहन चालवायला शिकून घेतले आणि मिळालेला सारा पैसा घालून आमच्याच वर्कशॉपाच्या एजन्सीतून एक नवीकोरी डिझेल जीप घेतली. जीप कोणती घ्यावी, हे त्यांनी मला विचारले होते. मी सांगितले, आणि माझ्या शब्दावर त्यांनी ती घेतली. पोंभुर्णा ते चंद्रपूर अशा फेऱ्या सुरू झाल्या. चालकाच्या आसनावर बसूनही त्यांच्यातला कंडक्टर काही खाली उतरला नाही. जीपमध्ये त्यांनी घंटा बसवून घेतली होती. तिची दोरी स्वतःच ओढून, स्वतःलाच दोन टोले दिल्याखेरीज ते गाडी हलवीत नसत. कोणी हसले तर गंभीरपणे सांगत, "डबल बेल नाई, तर गाडी नाई. नेम म्हंजे नेम."

तेल पाहण्याचा त्यांचा विधी तर पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर सर्वांना ठाऊक होता. गाडी सपाट जागी उभी असल्याखेरीज तेलाची पातळी खरी कळत नाही, असे मी एकदा बोलून गेलो होतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरामागच्या खळ्यावर जीप उभी करायला आरंभ केला. शेणाने सारवलेल्या त्या खळ्याची सपाटी ते काठोकाठ पाणी भरलेली परात ठेवून तपासत. मग इंजिनाला सात मिनिटे 'बसू' द्यायचे. तेवढा वेळ प्रवाशांनीही खाली उतरून गप्प बसायचे. सात मिनिटे झाली की मामाजी तेल मोजण्याची लोखंडी पट्टी हळूच बाहेर काढीत, धोतराच्या सोग्याला पुसत, पुन्हा घालीत, पुन्हा काढीत आणि उजेडाकडे धरीत. त्यांच्या सगळ्या धोतरांचा डावा सोगा त्यामुळे कायमचा काळा झाला होता आणि मामींनी तो धुण्याचा नाद सोडला होता. पट्टी मग प्रवाशांत फिरे. बांबूच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेली एक म्हातारी तर इतकी तयार झाली होती की पट्टी हातात घेताच म्हणे, "काऊन गा भाऊ, कालच्यापरीस बोटभर उतरलं ना हे?" आणि मामाजी उसासा टाकून म्हणत, "उतरलं, बाई. पिऊन राह्यलं."

ते खरोखरच पीत होते. दर चार-पाचशे किलोमीटरला त्या जीपला लिटरभर तेल लागे. मामाजी पहिल्यांदा तक्रार घेऊन आले तेव्हा मी त्यांना, सर्वांना सांगतो तेच सांगितले: नवे इंजिन आहे, आतले भाग एकमेकांना रुळेपर्यंत थोडे तेल जातेच. त्यांनी ते मान्य केले आणि तीन महिने वाट पाहिली. इंजिन रुळले नाही; धूर मात्र निळा येऊ लागला, म्हणजे आत तेल जळत होते. आमच्या हेडमिस्त्रींनी सिलिंडरांचा दाब मोजून माझ्या टेबलावर कागद ठेवला. "दोन नंबरात रिंगांचा घोळ हाय, साहेब. कारखान्यातूनच. मामाजींचं इंजिन बदलून मांगा, गॅरंटी अजून बाकी हाय."

वॉरंटी सहा महिन्यांची होती. त्या मुदतीत दोष सिद्ध झाला तर कंपनी इंजिन दुरुस्त करून किंवा बदलून देणार होती. नाहीतर मामाजींच्या निवृत्तीची सारी कमाई निळा धूर होऊन जाणार होती. आणि दोष सिद्ध करण्याचा कागद माझ्या सहीने जाणार होता. मी तो लगेच पाठवायला हवा होता. परंतु त्याच सुमारास आमच्या मालकांनी सर्वांसमक्ष एका सहकाऱ्याला सुनावले होते, की घरचे गिऱ्हाईक आले की तुमचे नियम सैल होतात. ते शब्द मला नव्हते, तरी मी ते अंगाला लावून घेतले. परक्याच्या गाडीसाठी हेडमिस्त्रींचा कागद मला पुरला असता. मामेसासऱ्यांच्या गाडीसाठी मी तेलाच्या खपाची रीतसर चाचणी सांगितली: तेल पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचे, तेलाच्या झाकणाला तार आणि शिशाचे सील लावायचे, पाचशे किलोमीटर चालवून आणायचे. मध्ये थेंबही घालायचा नाही.

पहिल्या खेपेस मामाजी चौथ्या दिवशीच परत आले. सील तुटलेले होते.

"मीच तोडलं," त्यांनी स्वतःहून सांगितले. "तेल खालच्या खुणेच्या बी खाली गेलतं, जवाईबापू. तहानलेल्याले पाणी नाई पाजाव का? अर्धा लिटर टाकलं, मापानं टाकलं. पाह्यजे तं लिहून घ्या."

ते लिहून घेऊन हिशेब सहज करता आला असता. मी कार्डावर एवढेच लिहिले: गाडीमालकाने सील तोडले, चाचणी रद्द. हेडमिस्त्री माझ्याकडे पाहून हात पुसत निघून गेले. मी मामाजींना जरा कठोरपणे समजावले, की यापुढे सील तुटले तर माझा इलाज चालणार नाही. मामाजींनी एकतीस वर्षे नियम पाळलेल्या माणसाप्रमाणे मान हलवली. "आता नाई तोडत. जबान हाय."

दुसरी चाचणी सुरू झाली तेव्हा मुदत संपायला बारा दिवस होते. हिवाळा होता. वडशाकडची एक नाटक मंडळी मामाजींची जीप भाड्याने घेऊन गावोगाव फिरत होती. दहाव्या दिवशी, गुरुवारी, मामाजी एस.टी.ने एकटेच वर्कशॉपात आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गाडी कुठे?" मी विचारले.

"उभी हाय. इथून बावीस किलोमीटरवर, जंगलात, मोहाच्या झाडाखाली. पट्टी कोरडी निघाली. चालवली तं इंजिन मरते, तेल टाकलं तं जबान जाते. म्हून नाटकवाल्यांले दुसऱ्या गाडीत बसवून देलं आन् आपली बंद करून टाकली. आता तुमी सांगा, काय करू?"

हेडमिस्त्री लगेच म्हणाले, "साहेब, मी येतो. जाग्यावर जाऊन पाहू." वर्कशॉपची गाडी दारात उभी होती. तासाभराचे काम होते. मी म्हणालो, "तपासणी वर्कशॉपातच व्हावी लागते. सील शाबूत ठेवून, मुदतीच्या आत गाडी इथे आणा." शनिवार हा मुदतीचा शेवटचा दिवस होता. मामाजींनी क्षणभर विचार केला आणि "आणतो" म्हणून ते बसस्टँडकडे चालू लागले.

सोमवारी सकाळी मी कामावर पोहोचलो तेव्हा फाटकासमोर गर्दी जमली होती. गर्दीच्या मध्ये चार बैल रवंथ करीत उभे होते, त्यांच्यामागे जाड दोर होता, आणि दोराला मामाजींची जीप बांधलेली होती. आसनावर मामाजी ताठ बसले होते. लोकांनी मला सांगितले, की शहरातून येताना प्रत्येक वळणाला त्यांनी खिडकीतून रीतसर हात दाखवला होता आणि निघताना बैलांना दोन टोले दिले होते.

"ट्रक का नाही बांधला?" मी विचारले.

"ट्रकवाला झटके देते. इंजिनाले सोसलं नसतं," ते म्हणाले. "मोहाजवळच्या पाड्यावरच्या गोंड भावानं बैल देतो म्हणलं, पण बैलांच्या पायाखाली धानाची चुरणी चालू होती. चालत्या खळ्यावरचे बैल कसे सोडवाचे? शनिवारी सांजेले चुरणी सरली. काल आलो, तं तुमचं फाटक बंद. पाहा, सील साबूत हाय."

सील खरेच शाबूत होते. हेडमिस्त्रींनी पट्टी काढून दाखवली. ती कोरडी होती. ते मोठ्याने म्हणाले, "चार बैल साक्ष देऊन राह्यले, साहेब. आता तं माना!" लोक हसले. कार्यालयाच्या दारात मालक येऊन उभे राहिले होते. मी वॉरंटीची पुस्तिका उघडली, विक्रीच्या शिक्क्यावरची तारीख पाहिली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मुदत शनिवारी संपली."

आता जे लिहायचे, त्यासाठीच हा सारा प्रपंच. त्याच पुस्तिकेत एक कलम होते: मुदतीच्या आत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतरही ग्राह्य धरली जाईल. मामाजींची तक्रार तीनदा नोंदलेली होती. मला ते कलम ठाऊक होते. आणि मामाजींनाही ठाऊक होते, कारण इंग्रजीतली ती पुस्तिका त्यांनी गावच्या गुरुजींकडून मराठीत उतरवून घेऊन तोंडपाठ केली होती. माझे वाक्य संपताच त्यांचे ओठ हलले. कलम ओठांवर आले होते, हे मला स्पष्ट दिसले. त्यांनी मालकांकडे पाहिले, हसणाऱ्या लोकांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. एवढ्या माणसांत जावयाला खोटे पाडावे की नाही, याचा निकाल त्या एका क्षणात लागला. त्यांनी माझ्या हातातून पुस्तिका घेतली, मिटली आणि म्हणाले, "बराबर हाय, साहेब. तारीख गेली."

मी त्यांना थांबवू शकलो असतो. बैल वळले, दोर ताणला गेला, जीप फाटकाबाहेर गेली, तोवर मला वेळ होता. दुसऱ्या दिवशीही होता. त्या दिवशी मालकांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली.

मूल गावच्या एका मिस्त्रीने पुढे इंजिन खोलले. दुसऱ्या पिस्टनवरची एक रिंग उलटी बसवलेली निघाली. दुरुस्तीसाठी मामाजींनी घरामागचा जमिनीचा तुकडा विकला. हे मला पत्नीकडून कळले. तिने ते सांगताना माझ्याकडे पाहिले नाही.

मामाजी आमच्याकडे येत राहिले. अशोकविजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतताना ते आमच्या घरी हमखास उतरत. मुलांच्या परीक्षा, मामींचे गुडघे, धानावरची कीड, वडशाच्या नाटकात कोणता नट संवाद विसरला, या साऱ्यावर भरभरून बोलत. इंजिनाचा विषय मात्र कधी काढीत नसत. मी अनेकदा बोलायचे ठरवले, आणि दर वेळी दुसरेच काही बोललो. अखेर एकदा, त्यांच्या घरी पाटावर जेवायला बसलो असताना, धीर करून विचारले, "मामाजी, गाडी आता तेल किती पिते?"

माझी एवढीच इच्छा होती, की त्यांनी नेहमीसारखा उसासा टाकावा, तेल किती बोटे उतरले ते सांगावे, हवे तर मला चार शब्द ऐकवावेत. ते माझ्या पानाकडे पाहत म्हणाले, "बरी हाय गाडी." मग फार मायेने, "जेवा, जवाईबापू. भात थंडा होऊन राह्यला."

मी जेवलो. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.