कॅप्टनचं बोट

“सरक! अजून सरक!” मिडऑनला उभा राहून तो दोन्ही हातांनी आम्हाला हाकायचा. बोलर धावत निघाला की पुन्हा, “नको, होतास तिथेच ये!” तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला खुर्ची टोचते. आमचा कॅप्टन तसा होता.

मस्कतमध्ये शुक्रवारी सकाळी ऑफिसांच्या टीम खेळतात. आम्ही बौशरच्या एका माळावर, सिमेंटच्या पिचवर मॅट अंथरून खेळायचो. कॅप्टन मूळचा सोलापूरचा, एसी बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. नवा चेंडू तोच टाकायचा, जुना झाला की ऑफस्पिन. कीपर आला नाही तर ग्लोव्ह्ज घालायचा, ओपनर आजारी पडला की पॅड बांधायचा. अल् घुब्र्याला त्याच्या फ्लॅटवर जेवायला गेलो की वहिनी म्हणायच्या, “तुम्ही बसा, हे काही बसणार नाहीत.” त्यांची लहान मुलगी लगेच सांगायची, “बाबा ना, फक्त कारमध्ये सिट करतात.”

सोलापुरात तो जिल्ह्याकडून खेळला होता. पुढच्या निवडीला त्याला विचारलं, “तू नक्की कोण? बॅट्समन की बोलर?” हा म्हणाला, “तुम्हाला काय हवंय?” निवड दुसऱ्याच कुणाची झाली. हे तो हसत सांगायचा, पण सांगताना चेंडू या हातातून त्या हातात फिरत राहायचा.

म्हणूनच असेल, आम्हाला मात्र तो एकेकच काम द्यायचा. मला म्हणाला, “तू फक्त आउट होऊ नकोस. बाकी मी बघतो.” इतकं सोपं काम मला ऑफिसातही कुणी दिलं नव्हतं.

मग त्याच्या कंपनीचं प्रोजेक्ट संपलं. नोकरी खलास. वहिनी आणि मुलगी आधी सोलापूरला गेल्या. तो फायनलसाठी थांबला. कप आमच्याकडे कधीच आला नव्हता.

समोर सियालकोटच्या मुलांची टीम. तो लवकर आउट झाला. आमच्याकडे बॅटिंग करणाऱ्या टीमचेच खेळाडू अंपायर होतात. त्याला बाहेर बसवेना, म्हणून त्याने अंपायरचा कोट मागून घेतला. शेवटची जोडी, जिंकायला चार रन, स्ट्राइकवर मी. चेंडू पॅडवर आदळला आणि सगळे ओरडले. मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो अगदी स्तब्ध उभा होता. मग बोट वर गेलं.

“अरे, आपली टीम आहे ना ही!” बाहेरून आमचा बोलर किंचाळला.

“स्टंपसमोर होता,” कॅप्टन म्हणाला. “काय करू?”

त्यांच्या कॅप्टनने येऊन त्याला मिठी मारली. “भाईजान, मैं होता तो नहीं देता.”

गाडीपर्यंत तोच बोलत होता. “इतका वेळ टिकला होतास का रे कधी? मस्त खेळलास.” गाडीत बसल्यावर मात्र त्याला किल्ली लावता येईना. थोडा वेळ खटपट करून त्याने ती माझ्याकडे दिली. “यल्ला, चल, तू चालव.”

तोही सोलापूरला गेला. नव्या मोसमाच्या पहिल्या शुक्रवारी सियालकोटवाल्यांचा तोच कॅप्टन नाणं घेऊन पिचवर उभा राहिला. आम्ही बुटांच्या नाड्या बांधत होतो. बराच वेळ वाट पाहून त्याने हाक मारली, “भाई, टॉस के लिए कौन आ रहा है?”