सॅम्पल फ्लॅटमधला झोपलेला माणूस

नांदेडच्या आमच्या कॉलेजात रिअल इस्टेटचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. घरी पाहुणे आले की मी तो इंग्रजी शब्द वापरून समजावून सांगायचो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही की आई म्हणायची, "प्लॉटिंगचं शिकून राहिला त्यो." मला ते फार लागायचं. प्लॉटिंगवाले चौकात पान खात उभे असतात. मी तर बाजारपेठेचं विश्लेषण करणारा माणूस. बाजारपेठ अजून पाहिलेली नव्हती, एवढंच.

शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप सक्तीची होती. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ओळखीच्या बिल्डरकडून नुसतं सर्टिफिकेट आणलं. माझ्या ओळखीचा कुणी बिल्डर नव्हता, त्यामुळं मला खरंच काम करायची वेळ आली. लातूरच्या एका बिल्डरनं फोनवर "या" म्हटलं आणि मी एसटीनं निघालो. बॅगेत एक ब्लेझर होता. मे महिन्यातल्या लातुरात ब्लेझर कुणी घालत नाही, लग्नातला नवरदेवसुद्धा नाइलाजानंच घालतो. पण मला वाटलं, गिऱ्हाइकावर छाप पडली पाहिजे.

बिल्डरला सगळे साहेब म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पंख्याखाली बसवलं. पुढचे काही दिवस मी माहितीपत्रकं घड्या घालून ठेवली आणि फावल्या वेळात ती पाठ केली. "प्रशस्त दिवाणखाना", "हवेशीर शयनगृह", "भूकंपरोधक बांधकाम". आरशासमोर उभा राहून हातवारेसुद्धा बसवले.

मग एके दिवशी दुपारी संधी चालून आली. निलंग्याकडचं एक कुटुंब फ्लॅट बघायला येणार होतं आणि साहेबांना ऐनवेळी तहसीलला जावं लागलं. निघता निघता ते म्हणाले, "बी विंग, तिसरा मजला, डाव्या हाताला सॅम्पल फ्लॅट. वॉचमनला दार उघडून ठेवायला सांगितलंय. जास्त बोलू नको."

शेवटचं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बघायला तिघं आले होते: शाळेत शिक्षक असलेला मुलगा, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. नात अकरावीला लातूरच्या क्लासला येणार होती, तिच्यासाठी घर हवं होतं. मी ब्लेझरची बटणं लावली आणि सगळ्यांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. डाव्या हाताचं दार सताड उघडं होतं. दाराबाहेर चपलांचे चार-पाच जोड होते. आजी तिथंच थबकल्या.

"बाळा, घरात माणसं हायती वाटतं."

"नाही आजी, शोसाठी ठेवलंय सगळं. राहतं घर कसं दिसेल, त्याचा अंदाज यावा म्हणून," मी म्हणालो आणि आत शिरलो.

दिवाणखान्यात सोफा होता, टीव्ही होता, भिंतीवर कुणाच्या तरी बारशाचा फोटो होता. मी साहेबांच्या बारकाईचं मनातल्या मनात कौतुक केलं. "हा प्रशस्त दिवाणखाना," मी हात पसरून म्हणालो. स्वयंपाकघराकडं वळलो तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली.

शिक्षकानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं पदर तोंडाला लावला.

"कुकर बी शोचाच का?" आजींनी विचारलं.

इथं तरी माणसाला शंका यायला हवी होती. पण पाठ केलेलं भाषण मध्येच थांबवलं की पुढचं आठवत नाही, ही माझी शाळेपासूनची खोड. "आणि हे हवेशीर शयनगृह," असं म्हणून मी आतल्या खोलीचं दार ढकललं. कूलरसमोर बनियनवर एक माणूस गाढ झोपला होता. शिक्षक माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "हे पण सॅम्पल?"

तेवढ्यात गॅलरीतून वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून एक बाई आत आल्या. चाळिशीच्या असतील. मला पाहून त्या दचकल्या. मीही दचकलो, पण माझ्या अंगात ब्लेझर होता. मी आवाज चढवून म्हणालो, "मॅडम, हा सॅम्पल फ्लॅट आहे. इथं कुणाला राहता येत नाही."

"राहता येत न्हाई?" बाईंनी कपडे सोफ्यावर टाकले. "अहो, दर महिन्याला ब्यांकेचा हप्ता भरून राहिलो आम्ही, आन तुम्ही म्हणता राहता येत न्हाई? कोन हाव तुम्ही?"

मी कोण, ते मी सांगितलं. पूर्ण नाव, कॉलेज, अभ्यासक्रम आणि सेमिस्टरसुद्धा. मग विचारलं, "ही बी विंग ना?"

"ही ए हाय."

त्या क्षणी तिसऱ्या मजल्यावरून थेट नांदेडला जाणारी एसटी असती तर मी तिकीट न काढता चढलो असतो. शिक्षक खिडकीकडं तोंड करून हसत होता. त्याचे खांदे हलताना दिसत होते. मी माफी मागत मागत दाराकडं सरकलो. मागं वळून बघतो तर आजी फरशीवर बसलेल्या.

"लई चढून आले बाई. जरा पानी दे," त्या म्हणाल्या.

बाईंनी पाणी दिलं. मग आजींनी त्यांचं माहेर विचारलं, ते बिलोलीकडचं निघालं. बिलोलीत आजींची चुलत नणंद दिलेली. पाच मिनिटांत चहाचं आधण चढलं आणि मी सोडून सगळे त्या घरचे पाहुणे झाले. मला कुणी जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. मी दाराशी उभा राहिलो.

सुनेनं विचारलं, "पाणी किती दिवसाला येतं?" बाईंनी खरं ते सांगितलं. नळाचा भरवसा नाही, बोअर आहे, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो. लिफ्ट अधूनमधून बंद पडते. पण शेजार चांगला आहे, संध्याकाळी बायका खाली बसतात, आणि क्लासवरून उशिरा येणाऱ्या पोरींना कुणी ना कुणी गेटपाशी दिसतंच. माझ्या पाठांतरात यातलं एकही वाक्य नव्हतं. लिफ्टचं ऐकून तर मी डोळे मिटले.

चहा झाल्यावर शिक्षक म्हणाला, "आई, तिसरा मजला बरा हाय. धूळ न्हाई, गोंगाट न्हाई."

आजींनी कप खाली ठेवला. "मी न्हाई वर झोपनार."

मला वाटलं, आता माझी वेळ आली. मी पुढं होऊन म्हणालो, "आजी, बांधकाम भूकंपरोधक आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. "लेकरा, भूकंपाच्या त्या रातीला मी एका पोराला हाताला धरून पळाले. हाच त्यो," त्यांनी शिक्षकाकडं बोट केलं. "धाकटी आत ऱ्हायली. तुझं बांधकाम चांगलं आसंल. पर मला दारातनं पाय भाईर टाकला की जमीन लागाया पायजे."

शिक्षकाचं हसू कधीच मावळलं होतं. मी ब्लेझरची बटणं सोडली.

कप उचलता उचलता त्या घरच्या बाईच म्हणाल्या, "तळमजल्यावरचा एक फ्लॅट तसाच पडलाय. साहेबांनी त्यात फरश्या भरून ठेवल्यात. विचारा की त्यांना." मी मान डोलावली. त्या दिवसातलं माझं हेच एक बरोबर काम.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. आधी त्यांनी कपाळाला हात लावला, मग झोपलेल्या माणसाचं ऐकून खुर्चीत मागं रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आजींचं सांगितलं तेव्हा मात्र तळमजल्याच्या त्या फ्लॅटची किल्ली काढली. दुसऱ्या दिवशी माणसं लावून फरश्या हलवल्या. आजींनी तो फ्लॅट बघितला, दारातून तीनदा आत-बाहेर केलं आणि मुलाला म्हणाल्या, "हाव, ह्यो चालंल." साहेबांना त्यात नवी युक्ती दिसली. प्रत्येक गिऱ्हाइकाला ए विंगच्या त्या बाईंकडंच न्यायचं त्यांच्या डोक्यात आलं. मी विचारायला गेलो, तर बाईंनी दार अर्धंच उघडून विचारलं, "दर येळी च्या कोन करनार?"

मी मात्र उरलेले दिवस ब्लेझर खुंटीला टांगून इमारतीतल्या लोकांशी बोलत हिंडलो. पाणी कधी, वारा कुठून, कुणाच्या भिंतीला ओल. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "इंटर्नशिपमधून काय मिळालं?" मी तयार केलेलं उत्तर सोडून घडलेलं सांगितलं. ते इतके हसले की बाकीच्या मुलांना वाटलं, मी नापास झालो. उठता उठता त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तो बिल्डर तळमजल्याचं अजून काही काढणार आहे का हो? आमच्या आईला बघायचं होतं."

आता मी नांदेडलाच या धंद्यात आहे. पाहुण्यांना आई अजूनही प्लॉटिंगच सांगते आणि मी तिला दुरुस्त करत नाही. दर उन्हाळ्यात दोन-तीन विद्यार्थी सर्टिफिकेट मागायला येतात. मी त्यांना खुर्ची देत नाही. आधी एखाद्या भरलेल्या इमारतीत पाठवतो, बेल वाजवून आत जायला सांगतो. बरेचजण परत येत नाहीत. गेल्या वर्षी एक मुलगी आली, घामानं भिजलेली, चिडलेली. म्हणाली, "सर, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला भांडी घासायला लावली."

"मग काय कळलं?"

"सिंकचं पाणी तुंबतं, सर. सगळ्या मजल्यांवर."

मी तिला उद्यापासून कामावर यायला सांगितलं.